ढगापर्यंत जाऊन यायला पेट्रोल किती?

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात कडा नावाचे गाव आहे. पश्चिमेकडून येणाऱ्या पावसाळी वाऱ्यांतले बरेचसे पाणी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच पडून गेलेले असते. या भागाच्या वाट्याला उरलेसुरले येते. ऑगस्टात ढग दिसतात, माणसे वर पाहतात आणि ढग पुढे निघून जातात. अशा ढगांकडून थोडा अधिक पाऊस मिळवता येईल का, हे पाहण्यासाठी २०१५ च्या आणि पुन्हा २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, मराठवाड्यासाठी विमाने उडवली गेली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनेही २०१८ आणि २०१९ साली सोलापूर हे ठाणे करून ढगांवर प्रयोग केले. या कामाला वापरतात ती विमाने प्रवासी विमानांच्या मानाने लहान आणि दोन इंजिनांची असतात.

विमान ढगाच्या तळाशी, जिथे हवा वर चढत असते तिथे जाते आणि पंखांना लावलेल्या नळकांड्या पेटवते. त्या धुरातले क्षारांचे बारीक कण ढगात ओढले जातात. हे कण पाणी शोषून घेणारे असल्यामुळे त्यांच्याभोवती मोठे थेंब बनायला मदत होते. (ढगच नसेल, तर मात्र कोणतेही विमान पाऊस पाडू शकत नाही.) असा ढग फार वेळ थांबत नाही. वीस-तीस मिनिटांत तो वाढतो, पिकतो आणि विरून जातो.

आता वैमानिकाच्या जागी स्वतःला बसवा. तुम्ही चिकलठाण्याच्या विमानतळावरून निघून कड्यावर आला आहात. समोरचा ढग चांगला वर चढतो आहे, आणखी दहा मिनिटांत तो हवा तसा तयार होईल. पण पेट्रोलच्या मापकाचा काटा खाली आला आहे. थांबायचे की परत फिरायचे? कड्याला विमानतळ नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली आणि कड्याला स्थानक मिळाले, पण आगगाडीचे इंजिन बंद पडले तर गाडी रुळावर उभी राहते. विमानाला आकाशात उभे राहता येत नाही. म्हणून या प्रश्नाचे उत्तर ढगापाशी पोचल्यावर शोधायचे नसते. ते निघण्यापूर्वी जमिनीवर कागद-पेन्सिल घेऊन काढून ठेवायचे असते. तो हिशेब कसा करतात ते आज पाहू. त्याला सातवी-आठवीचे गणित पुरते.

मोटारीच्या पेट्रोलचा हिशेब आपण लिटरला किती किलोमीटर असा करतो. वैमानिक तसा करत नाही. तो आधी विचारतो, तासाला किती लिटर? कारण विमान पुढे जात असो, घिरट्या घालत असो की समोरच्या वाऱ्याशी झगडत असो, इंजिन चालू आहे तोवर पेट्रोल जळतच असते. एखाद्या विमानाचे पुस्तक हाताशी नसले, तरी तासाचे पेट्रोल काढण्याचा एक सोपा आडाखा आहे. विमानाच्या पेट्रोल इंजिनाला एक अश्वशक्ती एक तासभर मिळवायला साधारण २०० ग्रॅम पेट्रोल लागते. इंजिन जुने असो की नवे, या आकड्यात थोडाच फरक पडतो. पेट्रोलमधली उष्णता किती आणि तिच्यातली किती कामी येते, यावर तो ठरतो.

आपण एक विमान मनाशी धरू. दोन इंजिने, प्रत्येकी २०० अश्वशक्तीची, म्हणजे एकूण ४००. उड्डाणाच्या वेळी ही सगळी शक्ती लागते. पण हवेत स्थिर झाल्यावर वैमानिक ती कमी करतो आणि साधारण ६५ टक्क्यांवर प्रवास करतो. ४०० चे ६५ टक्के म्हणजे २६०. त्याला २०० ग्रॅमनी गुणले की झाले तासाला ५२ किलो. विमानाचे पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असते, त्याच्या एका लिटरचे वजन सुमारे ०.७२ किलो भरते. ५२ ला ०.७२ ने भागले की उत्तर येते तासाला सुमारे ७२ लिटर, म्हणजेच मिनिटाला १.२ लिटर. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा पुन्हा लागेल.

इथे क्षणभर थांबून किलो आणि लिटर यांची गाठ नीट पाहू, कारण ती चुकली तर काय होते ते सांगणारी एक खरी घटना आहे. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एअर कॅनडाचे एक बोइंग ७६७ विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले होते. त्याचे इंधनमापक बिघडलेले होते, म्हणून टाकीत पट्टी घालून मोजणी केली. आत ७,६८२ लिटर इंधन होते आणि प्रवासाला हवे होते २२,३०० किलो. लिटरचे किलो करायला ०.८ ने गुणायला हवे होते. त्याऐवजी १.७७ ने गुणले गेले. तो आकडा लिटरचे पौंड करण्याचा! त्यामुळे भरायचे इंधन आले सुमारे ४,९०० लिटर. खरे तर सुमारे २०,००० लिटर भरायला हवे होते. तुम्ही स्वतः गुणाकार करून पाहा. अर्ध्या वाटेत, बारा किलोमीटरहून अधिक उंचीवर, इंधन संपले. वैमानिकांनी ते मोठे विमान इंजिनाविना तरंगत आणून गिम्ली येथील जुन्या धावपट्टीवर उतरवले आणि आतले सगळे जण वाचले.

त्या विमानालाही दोन इंजिने होती, हे लक्षात घ्या. दुसरे इंजिन असते ते पहिल्यात बिघाड झाला तर आधार म्हणून. टाकी रिकामी झाली, तर पाठोपाठ दोन्ही बंद पडतात.

आता वेगाकडे वळू. इथे एक गंमत आहे आणि या साऱ्या हिशेबाचे मर्म तिच्यातच आहे. आपल्या विमानाचा वेग ६५ टक्के शक्तीवर ताशी ३०० किलोमीटर आहे असे धरा. शक्ती दुप्पट केली तर वेग दुप्पट होईल का? मुळीच नाही. तुम्ही समोरच्या वाऱ्यात सायकल चालवली असेल. वेग दुप्पट केला की दर सेकंदाला दुप्पट हवा अंगावर येते आणि ती दुप्पट वेगाने येते, म्हणून हवेचा विरोध चौपट होतो. शिवाय त्या चौपट विरोधातून तेवढ्याच वेळात दुप्पट अंतर कापायचे असते. म्हणजे लागणारी शक्ती दोन गुणिले चार, आठपट! शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, असे हे गणित सांगते.

हेच उलटे वाचा. वेग थोडासा कमी करायची तयारी ठेवली, तर शक्ती बरीच वाचते. घनमूळ काढता येत नसेल तरी अडत नाही, अंदाज करून ताळा पाहायचा. समजा, शक्ती ६५ वरून ७५ टक्क्यांवर नेली. ७५ भागिले ६५ म्हणजे सुमारे १.१५. कोणत्या संख्येचा घन १.१५ येतो? १.०५ चा घन करून पाहा, १.१६ च्या जवळ येतो. तेव्हा वेग पाच टक्क्यांनी वाढून ३१५ होईल. याच रीतीने मी पुढचे कोष्टक तयार केले आहे. त्यात क्रमाने शक्ती, ताशी वेग, ताशी पेट्रोल आणि दर १०० किलोमीटरला लागणारे पेट्रोल दिले आहे.

७५ टक्के : ३१५ किलोमीटर : ८३ लिटर : २६.५ लिटर
६५ टक्के : ३०० किलोमीटर : ७२ लिटर : २४.१ लिटर
५५ टक्के : २८४ किलोमीटर : ६१ लिटर : २१.५ लिटर
४५ टक्के : २६५ किलोमीटर : ५० लिटर : १८.९ लिटर

पहिली आणि शेवटची ओळ शेजारी ठेवून पाहा. ताशी ५० किलोमीटर वेग सोडला आणि तासाचे ३३ लिटर पेट्रोल वाचले! वेग सहाव्या हिश्शाने उतरला, पेट्रोल मात्र चाळीस टक्क्यांनी.

मग विमान आणखी हळू, अगदी १५० च्या वेगाने चालवले तर फारच स्वस्त पडेल, असे तुम्हांला वाटेल. पण घनाचा नियम तिथपर्यंत साथ देत नाही. विमानाचे वजन हवेनेच पेलायचे असते. वेग कमी झाला की तेवढीच उचल मिळवण्यासाठी नाक वर करून पंख हवेत अधिक तिरपे धरावे लागतात, आणि असे तिरपे पंख हवेला जास्त अडतात. शाळेच्या क्रीडादिनी सावकाश सायकल चालवण्याची शर्यत असते ना? त्यात किती दम लागतो ते आठवा. तिथले कारण वेगळे आहे, पण अती हळू जाणे महाग पडते एवढे त्यावरून समजेल. प्रत्येक विमानाचा असा एक वेग असतो की, ज्याला तासाचे पेट्रोल कमीत कमी लागते. ढगाखाली घिरट्या घालताना वैमानिक त्याच्या आसपास राहतो. कमीत कमी पेट्रोलमध्ये जास्तीत जास्त अंतर कापायचे असेल तर वेग याहून थोडा अधिक ठेवावा लागतो. वेळ काढणे आणि अंतर कापणे ही दोन वेगळी कामे आहेत.

पेट्रोल वाचवण्याची आणखी एक कळ वैमानिकाच्या हाती असते. उंचावर हवा विरळ होते, पण इंजिनात येणारे पेट्रोल मात्र आपोआप कमी होतेच असे नाही. म्हणून वैमानिक मिश्रणाचा दांडा मागे ओढून पेट्रोल घटवतो. तो विसरला तर आपला २०० ग्रॅमचा आडाखा कोलमडतो आणि बरेच पेट्रोल धुराड्यातून वाया जाते. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, प्रशांत महासागरातल्या अमेरिकन वैमानिकांना चार्ल्स लिंडबर्ग याने हेच शिकवले. १९२७ साली अटलांटिक महासागर एकट्याने न थांबता ओलांडणारा तोच हा लिंडबर्ग. या वैमानिकांची लायटनिंग विमानेही दोन इंजिनांची होती. इंजिनाचे फेरे कमी ठेवा, नळीतला दाब जास्त ठेवा आणि मिश्रण पातळ करा, असे त्याचे सांगणे होते. फेरे कमी झाले की इंजिनाच्या आतल्या घर्षणात जाणारी शक्ती वाचते. अशाने इंजिने बिघडतील अशी भीती वैमानिकांना वाटे. पण त्याच टाक्यांवर ती विमाने पूर्वीपेक्षा बरीच लांब जाऊन येऊ लागली.

सगळी इंजिने पेट्रोलवर चालत नाहीत, हेही सांगायला हवे. गोंदियाजवळ बिरसी येथे वैमानिक तयार करणारी राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे. तिथली दोन इंजिनांची डायमंड विमाने डिझेलच्या जातीच्या इंजिनांवर चालतात आणि विमानाचे केरोसीन जाळतात. अशा इंजिनाला एका अश्वशक्ती-तासाला सुमारे १६० ग्रॅम पुरतात. याउलट सोलापूरच्या प्रयोगांतल्या किंग एअर विमानाला ८५० अश्वशक्तीची दोन टर्बाइन इंजिने असतात. त्यांना एका अश्वशक्ती-तासाला सुमारे २७० ग्रॅम केरोसीन लागते. एकूण हजार अश्वशक्ती वापरात असली तर तासाला २७० किलो झाले. केरोसीनचा लिटर ०.८ किलोचा धरा, म्हणजे जवळजवळ ३४० लिटर! एवढी खादाड इंजिने कशाला वापरतात? शक्तीच्या मानाने ती फार हलकी असतात आणि उंचावर चांगली चालतात म्हणून. आकडे बदलले तरी हिशेबाची रीत तीच राहते. आपण आपले पेट्रोलचे विमानच पुढे नेऊ.

वाऱ्याचा विचार अजून राहिला आहे. वारा जाताना अडवेल आणि येताना तेवढेच ढकलेल, तेव्हा फिट्टंफाट, असे पुष्कळांना वाटते. करून पाहू. मुंबई ते नागपूर हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर आहे, हिशेबाला ७०० धरू. वारा नसेल तर ३०० च्या वेगाने जायला १४० मिनिटे, यायलाही १४०. आता पश्चिमेकडून ताशी ६० किलोमीटरचा वारा आहे असे समजा. नागपूरला जाताना वेग ३६०, वेळ ११७ मिनिटे. परतताना वेग २४०, वेळ १७५ मिनिटे. एकूण २९२ मिनिटे झाली, २८० नव्हे. वारा जितका वेळ मदत करतो त्याहून जास्त वेळ विरोध करतो, कारण विरोधात आपण जास्त वेळ हवेत असतो. आणि नुसत्या परतीच्या प्रवासात ३५ मिनिटे वाढली, म्हणजे ४२ लिटर. हा आकडा विसरू नका.

आता कड्याचा हिशेब मांडू. नकाशावर दोरा ठेवून मोजले तर चिकलठाणा ते कडा सरळ अंतर साधारण ११० किलोमीटर भरते.

इंजिन सुरू करणे, धावपट्टीपर्यंत जाणे आणि उंची गाठणे यासाठी २० लिटर धरू. पुढे ११० किलोमीटरला २२ मिनिटे लागतील. पण कडा दक्षिणेला, किंचित नैर्ऋत्येकडे झुकलेले आहे आणि पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून जाताना तो थोडा अडवील. २५ मिनिटे धरली की झाले ३० लिटर. ढगाखाली एक तास, ४५ टक्के शक्तीवर, ५० लिटर. परतताना वारा मदत करील, पण ती मदत हिशेबात धरायची नाही. २२ मिनिटांचे २७ लिटर.

इथवर १२७ लिटर झाले. आपल्यापैकी पुष्कळ जण इथेच थांबतील आणि विमान उडवतील. पण ज्या दिवशी ढग शोधायला जायचे, त्याच दिवशी चिकलठाण्यावरही वादळ येऊन ठेपण्याचा संभव असतो. तसे झाले तर दुसरीकडे उतरावे लागेल. नाशिकजवळचे ओझर सुमारे १६० किलोमीटरवर आहे. त्याला ३२ मिनिटे, म्हणजे ३९ लिटर लागतील. आणि याउपर ज्याला हात लावायचाच नाही असा साठा ४५ मिनिटांचा ठेवू, तो ५४ लिटर झाला. मघाचे ४२ लिटर आठवा! वाऱ्याचा अंदाज एकदा चुकला तर हा साठा जवळजवळ संपूनच जातो. म्हणूनच तो फार वाटला तरी फार नसतो.

बेरीज करा : २० + ३० + ५० + २७ + ३९ + ५४ = २२० लिटर.

आपल्या विमानाच्या टाकीत ३५० लिटर मावतात असे समजू. मग ती काठोकाठ का भरू नये? जास्तीच्या १३० लिटरचे वजन होते सुमारे ९४ किलो. तेवढे वजन उंचावर चढवायलाही पेट्रोल लागते आणि त्या बदल्यात नळकांड्या किंवा निरीक्षणाची उपकरणे खाली ठेवावी लागतात. शिवाय उड्डाण करतानाच एक इंजिन बंद पडले तर उरलेल्या एका इंजिनावर जड विमान चढेनासे होते. कारण विमान नुसते हवेत ठेवण्यातच त्या इंजिनाची बरीच शक्ती खर्च होते आणि वर चढायला उरते ती थोडकी. तरीही माझे मत विचाराल, तर वजन परवडत असेल तोवर पेट्रोल थोडे जास्तच असावे.

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर आता तुमच्या वहीतच आहे. कडा सोडताना टाकीत काय हवे? परतीचे २७, ओझरचे ३९ आणि हात न लावायचे ५४. एकूण १२० लिटर. वैमानिक हा आकडा निघण्यापूर्वी गुडघ्यावरच्या कागदावर लिहून ठेवतो. मापक १२० वर आले की ढग कितीही चांगला असला तरी विमानाचे तोंड उत्तरेकडे वळते. दहा मिनिटे आणखी थांबण्याची किंमतही काढता येते : ४५ टक्के शक्तीवर ती आठ-साडेआठ लिटर आहे. ढगाकडे पाहताना हा आकडा अगदी किरकोळ वाटतो, आणि तो ५४ मधूनच जाणार असतो. आधी ठरवून ठेवल्यामुळे त्या वेळी मनाशी वाद घालावा लागत नाही. खाली कड्याच्या शेतांत कोणी वर पाहत असेल, तर त्याला ढग सोडून निघून जाणारे विमान तेवढे दिसेल.

आता एक गणित तुम्ही सोडवा. हेच विमान सोलापूरहून निघाले आहे. सोलापूर ते कडा अंतर १६० किलोमीटर धरा. वारा नाही. सोलापुरात उतरता आले नाही तर २४० किलोमीटरवरच्या पुण्याला जायचे आहे. बाकी सारे आकडे वरचेच ठेवा. निघताना किती लिटर हवे आणि कडा सोडताना मापकावर किती असायला हवे? ताळ्यासाठी उत्तरे देतो : सुमारे २५८ आणि १५०.